तिसऱ्या आठवड्यातलं दुखणं गाळू नकोस

पत्र:

मॅडम, मी फार्माकॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधासाठी रॅटच्या गुडघ्यात २ मिलिग्रॅम मोनोआयोडोअ‍ॅसिटेट, म्हणजे एमआयए, टोचून सांध्याची झीज घडवते आणि डायक्लोफेनॅकने वेदना किती कमी होते ते मोजते. पहिल्या आठवड्यात निकाल छान आले. सूज उतरली, जनावरं दुखऱ्या पायावर भार द्यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात सूज जवळपास नाहीच, तरी पंजाला बारीक तंतू लावला की पाय झटकतात, भार दुसऱ्याच पायावर टाकतात, आणि त्याच डोसचा काही उपयोग दिसत नाही. आमचे गाइड सर म्हणतात, "विषय दाहशामक औषधाचा आहे. पहिला आठवडा ठेव, सुजेचा तक्ता पुढे आण, तिसरा आठवडा गाळून टाक. नाहीतर डोस तिप्पट करून बघ." माझ्या हातून काही चुकलं असेल का? डोस वाढवू का? आणि हसणार नसाल तर सांगते, संध्याकाळी पिंजरे लावताना त्या जनावरांकडे बघवत नाही.
– एक विद्यार्थिनी

उत्तर:

यात हसण्यासारखं काही नाही. जिला बघवत नाही तीच नीट बघते, आणि या कामात नीट बघणारं माणूस हवं असतं. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे मी परत येणार आहे, कारण सरांच्या सूचनेचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. आधी थोडक्यात सांगते. तिसरा आठवडा गाळू नकोस. डोस तिप्पट करू नकोस. तुझ्या हातून चूक झाली असण्यापेक्षा तुला खरी गोष्ट दिसली असण्याची शक्यता जास्त आहे. दोन-चार बाबी तपासायच्या आहेत, त्या पुढे सांगते.

एमआयए सांध्यात काय करतं ते मनाशी पुन्हा उजळून घे. कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणातल्या, पेशी ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवतात. त्या साखळीतलं एक एन्झाइम एमआयए बंद पाडतं आणि पेशी मरतात. सांध्याच्या अस्तराला त्याने दाह होतो, गुडघा सुजतो आणि दुखतो. तुझा पहिला आठवडा तो हा. दाह झालेल्या ठिकाणी कॉक्स एन्झाइममुळे प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात. ती वेदनेच्या चेतातंतूंचा उंबरठा खाली आणतात, त्यामुळे एरवी न दुखणारा स्पर्शही दुखतो. अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅकचं कामही हेच. ते चेतातंतू बधिर करत नाही. खाली आलेला उंबरठा पुन्हा जागेवर नेतं, एवढंच. म्हणून तर निरोगी पायाच्या रीडिंगमध्ये त्याने फारसा फरक पडत नाही. तुझ्या वहीत दुसऱ्या पायाचे आकडे असतील, तर हे आजच बघून घे.

आठवडाभरात अस्तराचा दाह बराच ओसरतो. कूर्चा मात्र गेलेली असते, खालचं हाड उघडं पडत जातं आणि त्या हाडातले चेतातंतू त्रासात येतात. विशेषतः २ मिलिग्रॅमसारख्या वरच्या डोसला पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींमध्ये एटीएफ-३ हे प्रथिन वाढलेलं आढळतं. पेशीला इजा झाल्याची ती खूण. मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशीही जाग्या होतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातल्या वेदनेत दाहाचा वाटा कमी आणि चेतासंस्थेत झालेल्या बदलांचा जास्त. जिथे प्रोस्टाग्लँडिनचा जोरच राहिलेला नाही, तिथे ते रोखणारं औषध काय कमी करणार? तुझ्या डायक्लोफेनॅकने आपलं काम चोख केलं आहे. त्याचं काम जिथे संपतं ती जागा तुझ्या आलेखात उमटली, आणि सरांना ती जागा झाकायची आहे.

हे एकट्या एमआयएपुरतं असतं तर मीही जरा थांबले असते. पण कोलॅजनविरोधी प्रतिपिंडं देऊन उंदरांत संधिवात घडवतात तेव्हाही असंच दिसलं आहे. पंजे सुजलेले असताना डायक्लोफेनॅकने संवेदनशीलता कमी होते. सूज गेल्यावरही ती संवेदनशीलता कित्येक दिवस टिकते, आणि तेव्हा डायक्लोफेनॅक चालत नाही, चेतांच्या दुखण्यावर देतात ते गॅबापेंटिन चालतं. रक्तद्रव देऊन घडवलेल्या संधिवाताच्या मॉडेलमध्ये डायक्लोफेनॅकच्याच जातीच्या केटोरोलॅकचंही तेच झालं. माणसांतही याचं प्रतिबिंब आहे. आमवाताच्या कितीतरी रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट सुधारतात, सांध्यांची सूज जाते, तरी "डॉक्टर, दुखतंच आहे" ही तक्रार राहते. त्यांना बऱ्याचदा ऐकून घ्यावं लागतं की आता दुखायला नको. तुझा तिसरा आठवडा त्यांच्या बाजूने बोलतो.

मग सुजेचा तक्ताच पुढे आणायची सवय आली कुठून? ती सरांची एकट्याची नाही. विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये कॅराजीनन हा दाह घडवणारा पदार्थ टोचून रॅटचा पंजा सुजवायची आणि औषधाने ती सूज किती उतरते ते मोजायची चाचणी मांडली. सोपी, स्वस्त, काही तासांत निकाल देणारी. इंडोमेथॅसिनसारखी औषधं अशा चाचण्यांतून झळाळून पुढे आली, त्यामुळे चाचणीवर विश्वास बसला, आणि मग नवं काहीही आलं की ते इंडोमेथॅसिनच्या किती जवळ जातं हेच मोजलं जाऊ लागलं. प्रोस्टाग्लँडिन रोखणारी औषधं शोधायला ही चाचणी उत्तम आहे. पण दुखणं म्हणजे पंजाचं आकारमान नव्हे. सूज आपण मोजतो कारण ती मोजायला सोपी आहे. वेदना मोजणं कठीण आहे, आणि तू कठीण काम हातात घेतलंस. ते सोडून सोप्याकडे परत जाऊ नकोस.

आता डोस. माणसाला डायक्लोफेनॅक दिवसाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम देतात. ६० किलो वजन धरलं तर किलोमागे २.५ मिलिग्रॅम. शरीराच्या पृष्ठफळावरून रॅटसाठी हिशेब करताना साधारण ६.२ ने गुणतात, म्हणजे किलोमागे १५ च्या आसपास. तू किती देतेस ते पत्रात नाही, पण पहिल्या आठवड्यात वेदना उतरली याचा अर्थ डोस पुरेसा आहे. तिप्पट केलास तर आधी आतडं बोलेल. रॅटमध्ये ही औषधं पित्तावाटे आतड्यात येतात, पुन्हा शोषली जातात, पुन्हा येतात, त्यामुळे लहान आतड्याला व्रण पडतात. इंडोमेथॅसिन देऊन रॅटमध्ये असे व्रण मुद्दाम घडवतात, तो एक स्वतंत्र मॉडेलच आहे. पोटात व्रण असलेलं जनावर पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसतं, खात नाही, वजन घटतं, हलायला नको म्हणतं. मग त्याने पाय झटकला नाही तर तू काय लिहिशील? गुडघ्याची वेदना गेली, की जनावर इतकं खचलं की पाय हलवायलाही तयार नाही? रीडिंग "सुधारलेलं" दिसेल आणि जनावर आणखी वाईट अवस्थेत असेल. डोस वाढवायचाच झाला, तर रोजचं वजन आणि विष्ठेतलं रक्त बघण्याची तयारी ठेवून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी घेऊन. माझं मत विचारशील तर वाढवूच नये.

चूक झाली आहे का, हे बघण्यासाठी नवी जनावरं लागत नाहीत. जुनी वही पुरते. पहिली गोष्ट वेळेची. डायक्लोफेनॅक शरीरात फार काळ टिकत नाही. पहिल्या आठवड्यात डोसनंतर तासाभराने रीडिंग घेतलं असशील आणि तिसऱ्यात, काम वाढल्यामुळे, चार तासांनी, तर फरक औषधाचा नसून घड्याळाचा आहे. दुसरी गोष्ट, गुडघ्यात नुसतं सलाइन टोचलेला गट आहे ना? तो तिसऱ्या आठवड्यातही शांत असला पाहिजे. तोही पाय झटकत असेल तर सुईनेच काही बिघडलं आहे, किंवा जनावरं जाळीला सरावलेली नाहीत.

तंतूच्या चाचणीवर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे सगळ्यात जास्त गडबड होते आणि प्रबंधात ती कुठेच दिसत नाही. रॅटला जाळीवर ठेवल्यावर तो हुंगतो, वर चढू बघतो, अंग साफ करतो. हे सगळं थांबेपर्यंत, अर्धा तास लागला तर अर्धा तास, हात लावायचा नाही. मग तंतू खालून पंजाच्या मधोमध टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा, काही सेकंद तसाच धरायचा. पाय झटकला, चाटला, उचलून धरला तर प्रतिसाद. चालण्यासाठी सहज उचलला तर नाही. दमलेल्या संध्याकाळी या दोहोंतला फरक पुसट होतो. म्हणून कुठल्या जनावराला औषध आणि कुठल्याला नुसतं द्रावण दिलं हे रीडिंग घेणाऱ्याला माहीत असता कामा नये. सिरिंजवर दुसऱ्या कुणीतरी सांकेतिक खुणा घालायच्या आणि यादी रीडिंग संपेपर्यंत त्याच्याकडेच ठेवायची. तुझ्याकडे हे झालं नसेल तर तसं स्पष्ट लिही. पुढच्या तुकडीला तरी करून घे. आणि रीडिंग घेणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच ठेव. २०१४ मध्ये दिसून आलं की पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदीर-रॅट ताणाखाली येतात आणि त्या ताणात त्यांची वेदना दबते. पहिल्या आठवड्यात एखाद्या मित्राने आणि तिसऱ्यात तू रीडिंग घेतलं असशील, तर हा मुद्दा तुझ्यासाठी किरकोळ नाही.

हे सगळं तपासून निकाल जागेवर राहिला, तर एकच भर घालण्यासारखी आहे. तिसऱ्या आठवड्यात एका लहान गटाला गॅबापेंटिन द्यायचं. तुझ्यावर पहिला आक्षेप येईल तो हा: "कशावरून तुझं मोजमाप त्या आठवड्यात काही पकडू शकतं?" त्याच तंतूने, त्याच हाताने, त्याच आठवड्यात गॅबापेंटिनचा परिणाम दिसला, तर मोजमाप शाबूत आहे आणि डायक्लोफेनॅकचा अभाव खरा आहे, हे सिद्ध होतं. गॅबापेंटिनने गुंगी येते, म्हणून फिरत्या दांडीवर जनावर तोल सांभाळतं का तेही बघ. पेंगलेलं जनावर पाय झटकत नाही, आणि ती वेदनामुक्ती नव्हे. शक्य असेल तर शेवटी गुडघ्याचे छेद घेऊन कूर्चाही बघ. वेदना गेली म्हणजे सांधा सुधारला असं नसतं. टॅनेझुमॅब हे चेतावर्धक घटकाविरुद्धचं प्रतिपिंड जनावरांतही वेदना कमी करत होतं आणि माणसांतही. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने बिघडले, आणि शेवटी २०२१ मध्ये त्याचा माणसांसाठीचा विकास थांबवण्यात आला.

आता त्या पिंजऱ्यांकडे येते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी मागितल्या: शक्य तिथे पर्याय, जनावरांच्या संख्येत घट, आणि त्यांच्या त्रासात घट. तिसरा आठवडा गाळलास तर त्या जनावरांनी एकवीस दिवस जे सोसलं ते कुणाच्याच उपयोगाला येणार नाही. उद्या दुसरीकडे दुसरी विद्यार्थिनी हाच प्रयोग करेल, तिलाही हेच दिसेल, तिचे गाइडही गाळायला सांगतील, आणि तितकीच जनावरं पुन्हा सोसतील. म्हणून मला ही नुसती आकड्यांच्या प्रामाणिकपणाची बाब वाटत नाही. त्या जनावरांचं आपण काहीतरी देणं लागतो, आणि ते देण्याचा एकच मार्ग आपल्या हातात आहे: जे दिसलं ते लिहिणं. प्राण्यांवरच्या संशोधनासाठीची अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली. कुठली जनावरं, कुठले आकडे वगळले आणि का, हे सांगणं त्यातही आवश्यकच मानलं आहे.

आज संध्याकाळपासून करता येण्यासारखंही थोडं आहे. जाड आणि मऊ अंथरूण घाल. दुखऱ्या गुडघ्याने उभं राहून वरच्या जाळीतून खाणं ओढायला लागू नये म्हणून खाण्याच्या गोळ्या खालीच ठेव, पाण्याच्या नळीचं टोक खाली आण. चेहरा बघायला शिक. डोळे आक्रसलेले, नाक-गाल सपाट झालेले, कान बाजूला वळून निमुळते झालेले, अशा खुणांवरून रॅटची वेदना मोजायची श्रेणी २०११ पासून उपलब्ध आहे. आणि कुठल्या टप्प्याला जनावर प्रयोगातून बाहेर काढायचं ती मर्यादा समितीच्या अर्जात लिहिलेली असेल. ती छापून पिंजऱ्याजवळ लाव. त्या मर्यादेला पोचलेल्या जनावराला आणखी एका रीडिंगसाठी ठेवायचं नाही, मग गट कितीही लहान होवो.

एका गोष्टीत मात्र मी सरांसारखीच सावध आहे. तिसऱ्या आठवड्याच्या जोरावर "सांध्याच्या झिजेत दाहशामक औषधं निरुपयोगी" असं लिहू नकोस. ते खरं नाही. गुडघ्याची झीज असलेल्या माणसांना या औषधांनी बऱ्यापैकी आराम मिळतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघेदुखीच्या रुग्णांना एफएएएच एन्झाइम रोखणारं नवं औषध दिलं होतं. या जातीच्या औषधांनी जनावरांत चांगली आशा दाखवली होती. माणसांत ते निष्प्रभ ठरलं, आणि त्याच चाचणीत तुलनेसाठी दिलेलं नेप्रॉक्सेन हे जुनं दाहशामक मात्र चाललं. माणसाचा गुडघा वर्षानुवर्षं झिजतो, दाह मधूनमधून उसळतो आणि बसतो. एमआयएचा गुडघा एका सुईत मोडतो आणि दाह एकदाच येऊन जातो. तुझा निकाल या मॉडेलबद्दल आणि या टप्प्याबद्दल बोलतो. तेवढंच त्याच्याकडून बोलून घे. सगळी जनावरं नर असतील, तर तेही लिही.

सरांशी बोलायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात मला तीच धास्ती दिसते. चार लोकांसमोर विषय काढू नकोस. एका कागदावर दोन आलेख काढ, वर सूज, खाली भार आणि तंतूचा उंबरठा, दिवस एकाखाली एक येतील असे, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेव. सूज खाली जाते आणि वेदना जात नाही, हे कागदच सांगेल. मग म्हण, "सर, दुसरा भाग आपला नवा मुद्दा होऊ शकतो, नावात 'टप्प्यानुसार परिणाम' एवढे शब्द घालू या का?" बहुतेक गाइडना नकारात्मक निकालाची भीती असते. त्याला नाव मिळालं की ती जाते. तरीही गाळच म्हणाले, तर निदान प्रबंधाच्या परिशिष्टात सगळे आकडे राहतील एवढं मागून घे आणि तुझ्या सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्याला तोच कागद दाखव. तक्रार म्हणून नाही, सल्ला म्हणून. वहीतलं एकही पान फाडू नकोस आणि तारखेसह सगळ्याची प्रत स्वतःजवळ ठेव.

सारांशात लिहायला एक मसुदा देते, आकडे तुझे भर: "एमआयएने घडवलेल्या झिजेत डायक्लोफेनॅकने पहिल्या आठवड्यात सूज आणि वेदनासूचक वर्तन दोन्ही कमी केलं, तिसऱ्या आठवड्यात सूज ओसरलेली असताना वेदनासूचक वर्तन टिकून होतं आणि त्याच डोसने ते कमी झालं नाही." गॅबापेंटिनचा गट झाला तर त्याचं वाक्य याच्यानंतर जोड. आणि त्या गटासाठीचा समितीचा अर्ज या आठवड्यातच टाक, परवानगीला वेळ लागतो.